सोळा माणसे, सोळा दिवस आणि सहा पेट्या

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदी ग्रँड कॅन्यनच्या तळातून वाहते, आणि त्या तळातून स्वतःच्या हिमतीवर वल्ही मारत जाणाऱ्या खाजगी गटांच्या प्रवासाची गणना सर्वसाधारणपणे साहसात केली जाते; परंतु या प्रवासाशी संबंधित अर्ज, याद्या, तक्ते आणि नियमावल्या एकत्र ठेवून पाहिल्या असता साहस हा त्याचा गौण भाग असून मुख्य भाग प्रशासनाचा आहे, असे मत होऊ लागते. लीज फेरी येथे नदीत उतरायचे आणि डायमंड क्रीक येथे बाहेर पडायचे, असा हा मार्ग साधारण २२६ मैलांचा, म्हणजे सुमारे ३६४ किलोमीटरचा असून या संपूर्ण अंतरात नदीपर्यंत एकही मोटाररस्ता येत नाही, दोन्ही बाजूंचे कडे ठिकठिकाणी दीड किलोमीटरपर्यंत उंच जातात आणि मोबाइल फोनचा उपयोग घड्याळापलीकडे उरत नाही. उन्हाळ्यात खाजगी गटाला येथे जास्तीत जास्त १६ दिवस राहता येते आणि मोठ्या गटात जास्तीत जास्त १६ माणसे घेता येतात. सोळाला सोळाने गुणले असता २५६ हे जे उत्तर येते, त्यातून उद्भवणाऱ्या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पहिला प्रश्न परवान्याचा. नदीवर एकाच वेळी किती माणसे असावीत हे राष्ट्रीय उद्यान विभाग ठरवतो, आणि इच्छुकांची संख्या उपलब्ध तारखांच्या कितीतरी पट असल्यामुळे पूर्वी त्यासाठी प्रतीक्षायादी ठेवलेली असे. ही यादी पुढे इतकी लांबली की नाव घालताना तारुण्यात असलेला उमेदवार तारीख हाती येईपर्यंत वल्ह्यांपेक्षा गुडघ्यांचा विचार अधिक करू लागे. २००६ मध्ये यादी मोडीत निघून तिच्या जागी भारित सोडत आली. भारित सोडत म्हणजे अशी सोडत की जिच्यात सर्वांच्या चिठ्ठ्या सारख्या नसतात. ज्याने हा प्रवास अलीकडेच केला त्याच्या नावाची एकच चिठ्ठी पडते, ज्याने बरीच वर्षे केलेला नाही त्याच्या नावाच्या अधिक पडतात, आणि हा आकडा पाचाच्या वर जात नाही. म्हाडाची सोडत ज्यांनी अनुभवली आहे त्यांना यामागची हुरहुर वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तेथे नशीब फळले तर घर मिळते आणि येथे फळले तर घराबाहेर, वाळूत, सोळा दिवस झोपण्याचा अधिकार मिळतो, एवढाच काय तो फरक. मुख्य सोडत फेब्रुवारीच्या सुमारास पुढील संपूर्ण वर्षासाठी निघते, त्यामुळे निकाल आणि प्रस्थान यांच्यात दीड वर्षाचेही अंतर पडू शकते, आणि नियोजन नावाच्या व्याधीला पसरण्यास इतका अवधी पुरेसा असतो.

अर्ज भरण्यापूर्वी गटातील प्रत्येक व्यक्ती कोणत्याही तारखेस तयार असते, हे या विषयातील पहिले निरीक्षण होय. आणि तारीख लागल्यानंतर प्रत्येक व्यक्तीला त्याच तारखेस दुसरे काही निघते, हे दुसरे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा गट कल्पिला तर भारतातून सहा महिन्यांसाठी येणारे आईवडील, मुलीचे अरंगेत्रम, गणेशोत्सवातल्या नाटकाच्या तालमी आणि ‘पुण्याला जायचंच आहे, तिकिटं स्वस्त मिळाली’ ही चार कारणे मिळून सोळाचे अकरा होतात. मग पाच जागा भरण्यासाठी मित्रांचे मित्र विचारले जातात, आणि नदीवर जो कोणी अखेरीस सर्वांच्या उपयोगी पडतो तो बहुधा या पाचांपैकीच असतो.

ज्याच्या नावाने परवाना निघतो त्याला प्रवासप्रमुख म्हणतात. परवाना विकता येत नाही, भेट देता येत नाही. प्रमुखाला स्वतः जावे लागते, आणि तो जाऊ शकला नाही तर अर्जातच ज्याचे नाव पर्यायी प्रमुख म्हणून दिले होते त्याच्याकडेच परवाना जाऊ शकतो. या नदीवर किंवा तिच्या तोडीच्या दुसऱ्या नदीवर नाव चालवलेला निदान एक माणूस गटात असलाच पाहिजे, अशीही अट आहे. मात्र तो माणूसच प्रमुख असावा, असे कोठेही म्हटलेले नाही. यामुळे ज्याचे नशीब चांगले तो पुढारी आणि ज्याला काम येते तो त्याच्या हाताखाली, अशी जी रचना तयार होते ती महाराष्ट्रातील सहकारी संस्थांचा अभ्यास केलेल्यांना अपरिचित वाटणार नाही. प्रमुख तक्ते करतो, रंग भरतो, बैठका बोलावतो. जाणकार माणूस बैठकीत गप्प बसतो आणि शेवटी एवढेच विचारतो, की पट्टे किती घेतले आहेत.

पट्ट्यांचा हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही. खाजगी गट सामान्यतः सोळा ते अठरा फुटी रबरी तराफे भाड्याने घेतात, त्यावर ॲल्युमिनियमची चौकट बसवतात आणि चौकटीत शीतपेट्या, धान्याच्या पेट्या, गॅसच्या टाक्या, पाण्याचे कॅन असे सर्व काही पट्ट्यांनी जखडतात. हलक्या एकट्याच्या कयाकमधून जाणारे दोघेतिघे पुढे बागडत असतात, आणि त्यांचे सामानही अर्थातच तराफ्यावरच असते. बांधण्याचे सूत्र असे की तराफा उलटणार हे गृहीत धरूनच प्रत्येक वस्तू बांधावी. या नदीवरील उसळत्या, खडकाळ टप्प्यांना, म्हणजे रॅपिड्सना, इतरत्र वापरतात तशी एक ते सहा अशी श्रेणी न देता एक ते दहा अशी देण्याची रीत आहे, आणि लाव्हा फॉल्स हा टप्पा तिच्या वरच्या टोकाला असून तो १७९ व्या मैलावर, म्हणजे माणसे निर्ढावल्यानंतर आणि पट्टे सैल बांधू लागल्यानंतर येतो.

नियोजनाच्या इतिहासात या नदीचे स्थान मोठे आहे. जॉन वेस्ली पॉवेल हा यादवी युद्धात एक हात गमावलेला भूशास्त्रज्ञ २४ मे १८६९ रोजी वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर येथून चार नावा, स्वतःसह दहा माणसे आणि दहा महिने पुरेल इतकी शिधासामग्री घेऊन निघाला. पंधरवडा-तीन आठवडे होतात न होतात तोच ‘नो नेम’ नावाची एक नाव फुटली, आणि तेव्हा असे लक्षात आले की उंची मोजण्यासाठी आणलेले सर्व वायुभारमापक त्याच एका नावेत ठेवले गेले होते. फुटलेल्या नावेच्या सांगाड्यापर्यंत जीव धोक्यात घालून दोन माणसे गेली आणि मापके घेऊन परत आली. परंतु परतताना त्यांनी जो जल्लोष केला तो विज्ञानासाठी नसून प्रमुखाच्या नकळत त्याच नावेत चढवलेले व्हिस्कीचे एक लहान पिंप सुखरूप सापडल्याबद्दल होता. ३० ऑगस्टला प्रवास संपला तेव्हा सहा माणसे उरली होती आणि शिल्लक शिध्यात बुरशीचा वास येणारे पीठ, वाळवलेली सफरचंदे व कॉफी एवढेच होते. (एक जण आधीच कंटाळून गेला होता, आणि शेवटच्या दोन दिवसांपूर्वी कडा चढून निघून गेलेल्या तिघांचे पुढे जे झाले तो विनोदी लेखाचा विषय नव्हे.) दुसऱ्या मोहिमेत, १८७१ मध्ये, पॉवेलने नावेवर एक आरामखुर्ची पट्ट्यांनी बांधून घेतली आणि तीत बसून तो पुढचे पाणी न्याहाळू लागला. अनुभवातून माणूस शिकतो याला इतका ठोस पुरावा क्वचित मिळतो.

पॉवेलचा खरा वारसा मात्र खुर्चीचा नसून वायुभारमापकांचा आहे. कोणतीही एक गोष्ट एकाच नावेत ठेवू नये, हा नियम त्या दिवसापासून नदीप्रवाशांच्या रक्तात भिनला आहे, आणि मराठी गटात त्याचे रूपांतर चहापत्ती, साखर व आले या तिन्हींची चार नावांत समान वाटणी करणे यात होते. तांदूळ बुडाला तर पोळ्या करता येतात, मीठ बुडाले तर चार दिवस कुरकुर होते. पण चहा बुडाल्यास १४१ किलोमीटरवरच्या फँटम रँच या कॅन्यनच्या तळातील एकमेव मुक्कामस्थानापर्यंत गट म्हणून टिकणे अवघड आहे. तेथे एक छोटे उपाहारगृह आहे, आणि तेथे टाकलेली पत्रे खेचरांच्या पाठीवरून वर जातात. अर्ध्या प्रवासात कंटाळलेले सदस्य येथूनच पायी कडा चढून परततात व ताजे सदस्य उतरून येतात, त्यामुळे या ठिकाणाला गटाच्या राजकारणात मध्यावधी निवडणुकीचे महत्त्व असते.

अन्नाचे नियोजन नाशवंततेच्या क्रमाने करावे लागते. बर्फ भरलेल्या शीतपेट्यांत पालेभाज्या पहिल्या चार दिवसांपुरत्या, मग काकडी-टोमॅटो, त्यानंतर कोबी, शेवटी बटाटे, कांदे आणि भाजणी, मेतकूट, कुळथाचे पीठ यांसारखे ज्यांना काळ स्पर्श करू शकत नाही असे पदार्थ, असा तो उतरता क्रम असतो. उपवास असणाऱ्यांनी उपवासाच्या दिवसांची यादी आधी द्यावी अशी सूचना निघते. ती यादी आल्यावर साबुदाण्याचा आकडा दुप्पट होतो, कारण जे उपवास करत नाहीत त्यांनाही त्या दिवशी खिचडी हवी असते. पाणी नदीचेच गाळून प्यायचे असते, परंतु परिया किंवा लिटल कोलोरॅडो या उपनद्यांना पूर आला की मुख्य नदी गढूळ लाल होते आणि गाळण्या बुजतात. त्यावर अमेरिकेतील जुनेजाणते प्रवासी बादल्यांत पाणी साठवून रात्रभर निवळू देण्याचा आणि त्यात तुरटी घालण्याचा जो उपाय मोठ्या गांभीर्याने सांगतात, तो ऐकताना गटातील वयस्कर मराठी सदस्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच अधिकाराचे तेज चढते.

भांडी घासण्यासाठी चार बादल्यांची ओळ लावली जाते: विसळणे, साबण, पुन्हा विसळणे आणि शेवटी जंतुनाशक. नोरोव्हायरसमुळे होणाऱ्या वांत्या-जुलाबांची साथ या नदीवरील गटांत यापूर्वी पसरलेली असल्याने चौथी बादली कोणीही विनोदावारी नेत नाही. खरकटे पाणी बारीक जाळीतून गाळून नदीत सोडायचे आणि जाळीवर उरलेली शिते कचऱ्याच्या पिशवीत भरून सोळाव्या दिवसापर्यंत सोबत वागवायची असतात. शेगडीखालची राखसुद्धा लोखंडी परातीत गोळा करून परत न्यावी लागते. शिताशिताचा हिशेब ठेवणाऱ्या या व्यवस्थेत कावळ्यांचे मोठे भाऊ असलेले डोमकावळे मात्र पिशव्यांच्या झिपा स्वतः उघडून आपला वाटा घेऊन जातात, आणि त्यांना परवाना लागत नाही.

आता मूळ विषयाकडे वळणे भाग आहे. कॅन्यनच्या तळात पाऊस फारच थोडा पडतो, मुक्काम करता येण्याजोगे वाळूचे किनारे मोजके आहेत, आणि वरच्या बाजूस ग्लेन कॅन्यन धरण बांधल्यापासून नदीचा गाळ तेथेच अडत असल्याने हे किनारे झिजतही चालले आहेत. अशा स्थितीत दर वर्षी हजारो माणसे त्याच वाळूवर झोपत असल्यामुळे घन मानवी मल पुरणे निषिद्ध असून तो संपूर्ण प्रवासभर सोबत बाळगून बाहेर आणणे बंधनकारक आहे. यासाठी वापरल्या जाणाऱ्या धातूच्या पेटीला ‘ग्रूव्हर’ म्हणतात. पूर्वी ही पेटी म्हणजे सैन्याची दारूगोळ्याची रिकामी पेटी असे आणि तिला बैठक नसे, त्यामुळे तिच्या कडा बसणाऱ्याच्या मांड्यांवर दोन खोल चरे उमटवीत, त्यावरून हे नाव पडले. आता बैठक मिळते आणि नाव तेवढे राहिले आहे. मूत्राला या पेटीत मज्जाव आहे, कारण त्याने वजन व आकारमान भलतेच वाढते. ते वाळूवरही नको, कारण न पडणाऱ्या पावसाने त्याचा वास धुतला जात नाही. ते थेट नदीच्या प्रवाहात सोडावे, असा अधिकृत नियम आहे. सेकंदाला शेकडो घनमीटर पाणी वाहून नेणाऱ्या नदीत ते विरून जाते, हे शास्त्रीय स्पष्टीकरण बिनतोड आहे. तरी लहानपणापासून नदीला नमस्कार करून नाणे टाकण्यास शिकवल्या गेलेल्या माणसाला सरकारी सूचनेनुसार नदीकाठी दुसऱ्याच कामासाठी उभे राहताना संस्कारांची जी ओढाताण सोसावी लागते, तिची दखल कोणत्याही नियमावलीने घेतलेली नाही.

एका पेटीत सुमारे पन्नास बैठका मावतात, असे भाड्याने साहित्य देणारे सांगतात. म्हणजे २५६ भागिले पन्नास, उत्तर पाच पूर्णांक काही, सबब सहा पेट्या. या भागाकारावर जितकी चर्चा होते तितकी लाव्हा फॉल्सवर होत नाही. कोणी विचारतो की दिवसातून एकच बैठक हे गृहीतक कोणत्या आहारावर आधारलेले आहे. कोणी छोले आणि राजमा आहारातून वगळण्याची दुरुस्ती सुचवतो. कोणी फँटम रँच येथील सार्वजनिक शौचालयाचा सर्वांनी एकदा लाभ घेतल्यास एकूण आकडा २४० वर येतो हे निदर्शनास आणतो, आणि त्या दिवसापासून गटात त्याला हिशेबनीस म्हणून ओळखले जाते. अखेरीस जाणकार माणूस सातवी पेटी राखीव म्हणून घ्यायला सांगतो आणि वाद मिटतो.

पेटीच्या वापराची शिस्त अभ्यासण्याजोगी आहे. मुक्कामावर पोहोचताच ती सर्वांत आधी उतरवतात आणि शक्यतो छावणीपासून दूर, उत्तम देखावा असलेल्या जागी ठेवतात, कारण सोळा दिवसांत एकट्याने कॅन्यन पाहण्याची ही जवळजवळ एकमेव संधी असते. वाटेच्या तोंडाशी एक ठरलेली वस्तू, म्हणजे एखादे लहान वल्हे किंवा कागदाची गुंडाळी असलेला डबा, ठेवलेली असते. ती जागेवर असेल तर वाट मोकळी, नसेल तर थांबायचे. ही वस्तू परत ठेवण्यास विसरणारा सदस्य संपूर्ण छावणीला तासभर तिष्ठत ठेवू शकतो. सकाळी सर्व सामान चढल्यावर पेटी शेवटी बंद होते आणि त्यापूर्वी मोठ्याने अखेरची हाक दिली जाते. मराठी गटात ‘कुणी राहिलंय का?’ असे त्या हाकेचे स्वरूप असते, आणि पंगतीत वाढणाऱ्याच्या याच शब्दांना जे मौन मिळते तेच येथेही मिळून मग नाव सुटताना एक जण हात वर करतो.

झोपण्यापूर्वी नावा बांधण्याचा प्रश्न उरतो. नदी निसर्गाची असली तरी तिचे पाणी धरणाचे आहे. विजेच्या मागणीप्रमाणे ते दिवसातून कमीअधिक सोडले जाते आणि तो चढउतार खाली पोहोचण्यास अंतरानुसार तास लागतात. संध्याकाळी पाण्यावर डोलणारा टनभर वजनाचा तराफा सकाळी खडकांवर कोरडा बसलेला आढळतो, आणि सोळा माणसे त्याला ढकलत धरणाच्या वेळापत्रकाविषयी आपापल्या मातृभाषेत मत व्यक्त करतात. रायगड जिल्ह्यात कोलाड येथे कुंडलिका नदीवर तराफ्यातून गेलेल्यांना हे नवे नाही. तेथेही सकाळी जलविद्युत प्रकल्पातून पाणी सुटते तेवढाच वेळ नदी नदीसारखी असते. कोलोरॅडोचे पाणी धरणाच्या खोल तळातून येत असल्याने भर उन्हाळ्यातही ते थंड असते, हवा मात्र चाळिशी ओलांडते; त्यामुळे कपड्यांच्या यादीत गोठण्यापासून आणि भाजण्यापासून बचाव हे दोन्ही रकाने एकाच दुपारसाठी भरावे लागतात.

सांस्कृतिक कार्यक्रमाची तरतूद निसर्गानेच केली आहे. क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील शिखरांना विष्णू आणि शिव यांची मंदिरे अशी नावे दिली, पुढे ब्रह्मा, राम आणि कृष्ण यांचीही त्यांत भर पडली, आणि तळाशी उघडा पडलेला सुमारे पावणेदोन अब्ज वर्षांचा काळा खडक ‘विष्णू शिस्ट’ म्हणून ओळखला जातो. सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा असल्याने या खडकापुढे तो पोरसवदा ठरतो, ही माहिती सहाव्या दिवशी सायंकाळी द्यावी असे तक्त्यात लिहिलेले असते, आणि सहाव्या दिवशी सायंकाळी सर्व जण झोपलेले असतात. शिवमंदिराच्या माथ्याबद्दल एक नोंद मात्र नियोजनप्रेमींनी आवर्जून ध्यानात घ्यावी. हा माथा हजारो वर्षे जगापासून तुटलेला असल्याने तेथे निराळेच प्राणी उत्क्रांत झाले असावेत, या कल्पनेने न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने १९३७ मध्ये मोठा गाजावाजा करून तेथे मोहीम पाठवली. मोहिमेला नेहमीचेच उंदीर सापडले, आणि एमरी कोल्ब या स्थानिक छायाचित्रकाराने आधीच वर जाऊन टाकून ठेवलेली कोडॅक फिल्मची रिकामी डबी सापडली.

प्रस्थानाच्या दिवशी लीज फेरीला वनरक्षक ओळखपत्रे तपासतो, जादा जीवरक्षक जाकीट, राखीव वल्ही, दुरुस्तीचा संच, प्रथमोपचार पेटी, विमानाला खूण करण्याचा आरसा, राखेची परात, जाळी आणि ग्रूव्हर हे सर्व डोळ्यांनी पाहतो, आणि मग नियमांचे व्याख्यान देतो. दीड वर्षाच्या बैठकांत ज्यांनी एकही तक्ता उघडून पाहिला नाही ते सदस्य या वेळी सर्वांत अधिक प्रश्न विचारतात.

डायमंड क्रीक हे हुआलापाई या मूळ रहिवाशांच्या भूमीत येते, आणि तेथून बाहेर पडताना माणशी व वाहनामागे त्यांचे शुल्क द्यावे लागते. तराफ्यांतली हवा काढणे, वाळू झटकणे, शीतपेट्यांतल्या शेवटच्या कोबीचे काय करायचे ते ठरवणे यांत अर्धा दिवस जातो आणि खर्चाचे वाटप पुढे दोन महिने चालते. अंडी न खाणाऱ्यांना अंड्यांच्या खर्चातून वगळले जाते, फँटम रँचवरून परतलेल्यांना निम्मी आकारणी होते, व्हिस्कीचा हिशेब कोणी मांडत नाही. पेट्यांच्या सफाईचे शुल्क मात्र भरलेल्या पेटीमागे आकारले जात असल्याने ते सोळा जणांत समसमान विभागावे की वापराच्या प्रमाणात, असा प्रश्न हिशेबनीस उपस्थित करतो. वापराची नोंद कोणीही ठेवलेली नसल्याचे आढळून येते, पुढच्या वेळी ती ठेवण्याचा ठराव मांडला जातो, आणि तो अनुमोदकाअभावी बारगळतो.